वाढत्या अंगाची बंदूक

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी कोल्हापूरला घरी असताना अमेरिकेहून मामाचा फोन आला. तो कोलोरॅडो राज्यात राहतो. माझ्या मामेभावाने तिथला शिकाऱ्यांसाठी सक्तीचा असलेला शिक्षणवर्ग पुरा केला होता आणि हरणाच्या परवान्याच्या सोडतीत त्याचे नाव लागले होते. आता रायफल घ्यायची होती. मामा म्हणाला, "तू फौजी शाळेत आहेस. तूच सांग, पोराला कुठल्या कॅलिबरची घेऊ?"

मला एकदम मोठे झाल्यासारखे वाटले. खरे सांगायचे तर तोवर मी एनसीसीच्या .२२ रायफलीशिवाय दुसरी कोणतीही रायफल चालवली नव्हती. पण ते न सांगता मी म्हणालो, "मोठीच घे मामा. .३०० विंचेस्टर मॅग्नम. छोटी घेऊन काय करायचं?" हे नाव मी कुठल्याशा व्हिडिओत ऐकले होते. मामालाही ते पटले. त्याचे कारण मात्र वेगळे होते. "बरोबर आहे. वाढत्या अंगाची घेतलेली बरी. पुढे एल्कच्या शिकारीलाही चालेल." एल्क म्हणजे आपल्या सांबराहूनही थोराड हरीण.

आपल्या घरांत वाढत्या अंगाचे घेणे हा नियमच असतो. शाळेचे बूट, रेनकोट, स्वेटर, सगळे एक माप मोठे. पहिले वर्ष बुटात कापूस कोंबून काढायचे. बुटाच्या बाबतीत फार तर टाचेला फोड येतो. बंदुकीच्या बाबतीत काय होते ते मला ऑक्टोबरमध्ये कळले.

रविवारच्या फोनवर मामेभाऊ आधी नीट बोलेना. मग हळूहळू सगळे सांगितले. सरावाच्या पहिल्याच दिवशी धक्क्याने रायफल मागे आली आणि दुर्बिणीच्या कडेने त्याची भुवई फुटली. खांदा आठवडाभर निळा होता. त्यानंतर सरावाला जायचे तो टाळत राहिला. मामाला वाटले, पोराचा अभ्यास चालू आहे. शिकारीच्या दिवशी साधारण दीडशे यार्डांवर म्यूल डिअर जातीचा, म्हणजे खेचरासारखे लांब कान असलेला, एक नर उभा राहिला. मामेभावाने चाप ओढला तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते, हे त्याने स्वतःच मला सांगितले. गोळी छातीऐवजी पोटात लागली. हरीण पाठ वाकवून झाडीत शिरले. बर्फावर रक्ताचे थेंब दिसले, मग तेही थांबले. अंधार पडेपर्यंत दोघे शोधत होते. दुसऱ्या दिवशी सकाळीही गेले. हरीण सापडले नाही.

"ते कुठेतरी दोन दिवस पडून मेलं असेल," तो म्हणाला. मी काहीच बोललो नाही. रायफल मामाने घेतली होती, चाप मामेभावाने ओढला होता, पण सल्ला माझा होता. म्हणून या विषयावर मी नंतर जे वाचले, विचारले आणि स्वतः भोगले, ते या पानावर मांडतो आहे.

भोगले असे म्हणतो, कारण त्याच हिवाळ्यात माझेही पितळ उघडे पडले. एका कॅम्पात सीनियर कॅडेट्सची ७.६२ एसएलआरची फायरिंग चालू होती. आम्ही ज्युनियर मागे बसून आपल्या पाळीची वाट पाहत होतो. प्रत्येक आवाजाला माझे खांदे कानाला लागत होते. दुपारी आमची .२२ ची फायरिंग झाली. एरवी माझ्या पाच गोळ्या चहाच्या बशीखाली झाकल्या जायच्या, त्या दिवशी दोन कागदाबाहेर. मी उस्तादांना म्हणालो की रायफल बिघडली आहे. ते काही बोलले नाहीत. माझ्या शेजारी बसले आणि पुढची गोळी त्यांनी स्वतः भरली. मी चाप ओढला. नुसता 'टक' असा आवाज झाला. उस्तादांनी गुपचूप रिकामा खोका भरला होता. गोळी सुटलीच नव्हती, तरी माझ्या रायफलीचे तोंड चांगले हातभर खाली गेले आणि डोळे गच्च मिटले. मागे बसलेल्या साऱ्या प्लाटूनने ते पाहिले. "रायफल ठीक है. हिल तुम रहे हो," एवढेच ते म्हणाले.

.२२ ला धक्का असा नसतोच. तिची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. तरीही नुसत्या दुसऱ्याच्या आवाजाने मी असा झालो. मग ज्याच्या भुवईतून रक्त आले होते, त्या माझ्या भावाने डोळे मिटले यात नवल कसले? धक्क्याची भीती ही भित्र्याची खूण नाही. ती शरीराची सवय आहे. एकदा लागली की मेंदूला न विचारता हात हलवते. फायरिंगचे तीन उसूल आपल्याला पाठ आहेत: मजबूत पकड, सही शिस्त, दुरुस्त ट्रिगर ऑपरेशन. मराठी मुलाला सुरुवातीला वाटते की शिस्त म्हणजे वेळेवर उठणे. रेंजवर कळते की उस्तादांची शिस्त म्हणजे नेम. भीती या तिन्ही उसुलांवर एकाच क्षणी पाणी फिरवते.

आता धक्का किती, हे कुणाच्या सांगण्यावर विसंबून ठेवायला नको. नववीच्या विज्ञानात आपण संवेग अक्षय्यतेचा नियम शिकतो, त्यात पिस्तुलाचे गणित असते. तेच इथे करून पाहू. .२४३ विंचेस्टर आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम ही दोन काडतुसे घेऊ. पहिल्याची नेहमीची गोळी १०० ग्रेनची, म्हणजे साधारण ६.५ ग्रॅम. दुसऱ्याची १८० ग्रेनची, म्हणजे साधारण ११.७ ग्रॅम. गंमत अशी की दोन्ही नळीतून जवळपास सारख्याच वेगाने बाहेर पडतात, सेकंदाला सुमारे ९०० मीटर. रायफल दोन्ही वेळा साडेतीन किलोची धरू. नुसत्या गोळीच्या हिशेबाने पहिली रायफल सेकंदाला १.७ मीटर वेगाने मागे येते, दुसरी ३ मीटर वेगाने. फरक दुपटीहून कमी दिसतो. पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून खांद्याला बसणारा धक्का तिपटीहून जास्त होतो. दारूच्या वायूचा जोर धरला तर दोन्ही आकडे वाढतात, प्रमाण साधारण तेच राहते. म्हणजे माझ्या एका वाक्याने चौदा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर तिप्पट ओझे गेले होते.

याच गणितातून आणखी एक गोष्ट निघते. मुलासाठी म्हणून हलकी रायफल घेतली तर ती उचलायला सोपी, पण भागाकारातला खालचा आकडा लहान झाला की मागे येण्याचा वेग वाढतो. म्हणून पोरासाठी हलकी रायफल आणि मोठे काडतूस ही सर्वांत वाईट जोडी. हलकी घ्यायचीच असेल तर काडतूसही सौम्य हवे. दस्ता मापाचा हवा: दस्त्याचे मागचे टोक कोपराच्या खोबणीत ठेवले की बोट सहज चापापर्यंत पोचले पाहिजे. लांब दस्ता खांद्यावर नीट टेकत नाही, मान पुढे ताणावी लागते, आणि मग भुवई फुटते. कानाला संरक्षण हवेच, कारण अर्धी भीती आवाजाची असते. ती माझ्यापेक्षा चांगली कोणाला माहीत!

मग सर्वांत लहानच का घेऊ नये, असे कोणीही विचारेल. इन्सासमध्ये चालते तसे ५.५६ मिलिमीटरचे काडतूस, नागरी नाव .२२३ रेमिंग्टन, धक्क्याला अगदी सौम्य. पण इथे दुसरी बाजू येते, ती हरणाची. हृदय आणि फुप्फुसे मिळून हरणाच्या छातीत आठ-दहा इंचांची जागा असते, घरच्या पोळीपेक्षा थोडी मोठी. गोळी तिथपर्यंत आत शिरली पाहिजे आणि शिरल्यावर तिने काम लवकर संपवले पाहिजे. म्हणूनच कोलोरॅडोमध्ये हरणासाठी .२४ च्या खालचे कॅलिबर चालत नाही, गोळी किमान ७० ग्रेनची लागते आणि ती आत गेल्यावर पसरणारी असावी लागते.

या पसरणाऱ्या गोळीचे मूळ आपल्याच देशात आहे. कोलकात्याजवळच्या डमडम शस्त्रशाळेत १८९० च्या दशकात टोकाचे कवच उघडे ठेवलेली गोळी बनवली गेली. १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात अशा गोळ्या वापरू नयेत असा जाहीरनामा झाला, म्हणून सैन्याची गोळी आजही पूर्ण कवचाची असते. जी गोळी सैनिकावर झाडायला मनाई, तीच हरणासाठी सक्तीची! पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हे उलटेच वाटले. पण विचार केला तर दोन्ही नियमांत दयाच आहे. शत्रू लढाईतून बाद झाला की पुरे, त्याला जास्त फाडायचे नाही. हरणाला मात्र जखमी करून सोडायचे नाही.

तेव्हा माझे म्हणणे असे: कॅलिबरची खालची मर्यादा जनावर ठरवते आणि वरची मर्यादा खांदा ठरवतो. या दोन रेघांच्या मध्ये जे येते तेच योग्य.

मध्ये काय येते? पहिले नाव .२४३ विंचेस्टरचे. हे १९५५ साली बाजारात आले. ते .३०८ विंचेस्टर या काडतुसाचे तोंड आवळून बनवले आहे, आणि .३०८ म्हणजे आपल्या एसएलआरच्या ७.६२ चे सख्खे नागरी भावंड. म्हणजे कॅम्पात मी ज्या आवाजाला घाबरलो, त्याच घरातले हे शांत पोर. .३०८ च्या मानाने धक्का जवळपास निम्मा. दोनशे यार्डांवरही गोळीत १,३०० फूट-पाउंडांच्या आसपास ऊर्जा उरते. हरणासाठी १,००० पुरे, असा शिकाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे. किडकिडीत अंगाच्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलासाठी माझी पहिली पसंती हीच. अट एकच, अंतर दोनशे यार्डांच्या आत ठेवायचे आणि छातीखेरीज कुठेही नेम धरायचा नाही.

अंगाने थोडा भरलेला आणि .२२ वर हात बसलेला मुलगा असेल तर ७ मिलिमीटर-०८ रेमिंग्टन किंवा ६.५ क्रीडमूर. पहिले १९८० चे, तेही .३०८ च्याच घरातले. दुसरे २००७ चे. दोघांचाही धक्का .२४३ पेक्षा जास्त पण .३०८ पेक्षा कमी, आणि गोळी .२४३ पेक्षा वजनदार. सात मिलिमीटरला कोणी छोटे म्हणून हसत असेल तर त्याने जिम कॉर्बेट आठवावा. १९२६ साली त्याने रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या मारला तो .२७५ रिग्बीने, आणि तिचेही कॅलिबर ७ मिलिमीटरच.

.३०८ आणि १९०६ पासून चालत आलेले .३०-०६ ही दोन्ही उत्तम काडतुसे आहेत. घरात आधीच यांपैकी रायफल असेल तर नवी घेण्याची गरज नाही, कमी दारूची सौम्य काडतुसे मिळतात, त्यांनी सुरुवात करता येते. मॅग्नमला मात्र या वयात माझा साफ नकार. तिने मरणार नाही असे हरीण नाही हे खरे, पण तिने नेम चुकणार नाही असा पंधरा वर्षांचा मुलगाही सहसा सापडणार नाही.

यावर एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. मीही तो केला होता. "मोठी गोळी चूक झाकते. जरा इकडेतिकडे लागली तरी हरीण पडते." माझ्या भावाच्या हरणाच्या पोटात याच मापाची गोळी गेली होती. ते पडले नाही. उलट, मोठ्या काडतुसाने त्या चुकीची शक्यता आधी वाढवली होती. शिवाय चूक झाकण्यासाठी हत्यार निवडणे ही विचारसरणीच मला चुकीची वाटते. परीक्षेत कॉपी करता यावी म्हणून मोठ्या खिशांचा शर्ट शिवण्यासारखे ते आहे.

दुसरा आक्षेप आमच्या घरातूनच आला. आईला हे सगळे कळले तेव्हा ती म्हणाली, "कॅलिबर कसलं मोजता? त्या मुक्या जिवाला मारायचंच कशाला?" हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि ते योग्यच आहे. शस्त्राचा परवानाही २१ वर्षांच्या आत मिळत नाही. आमच्या रेंजच्या बंधाऱ्यामागे कधी नीलगायी येतात. त्या दिसल्या की लगेच 'फायर बंद' होते, रायफली खाली ठेवून सगळे वाट पाहतात, आणि त्यांच्यावर नेम धरावा असे कोणाच्या मनातही येत नाही. मी स्वतः शिकार करणार नाही. पण कोलोरॅडोत लांडगे गेल्या शतकातच मारून संपवले गेले, आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये दहा लांडगे पुन्हा सोडले तेव्हा कुठे नवी सुरुवात झाली. तिथे दरवर्षी किती हरणे मारायची हे वनखाते मोजून ठरवते आणि तेवढेच परवाने देते. बंदुका आणि काडतुसांवरचा कर १९३७ च्या कायद्यानुसार वन्यजीवांच्या रक्षणाला जातो. मारलेल्या जनावराचे मांस वाया घालवणे तिथे गुन्हा आहे. ही व्यवस्था आपल्याला आवडो न आवडो, माझा भाऊ त्या व्यवस्थेत वाढतो आहे. आईला मी एवढेच म्हणालो, "तो जाणारच असेल, तर हरणाला निदान एका क्षणात मरण यावं." आई म्हणाली, "मग हे तू मे महिन्यात का नाही सांगितलंस?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

आपण शिकार करत नाही, मग हे सगळे आपल्या कशाला उपयोगी? कॅडेट मित्रांनो, बॅरेकमध्ये आपण रायफलींबद्दल कसे बोलतो ते आठवा. कोण एसएलआरला हात लावून आला, कोणाच्या खांद्यावर वळ उठला. .२२ ला आपण 'खेळणे' म्हणतो. मला वाटते, ज्याची पाच गोळ्यांची ग्रुपिंग बशीखाली येत नाही त्याने मोठ्या कॅलिबरची गोष्ट करू नये. यात मी स्वतःला धरतो. आणि चाप ओढताना डोळे मिटत असतील तर उस्तादांना सांगावे. मी रायफलीला दोष दिला आणि सगळ्यांसमोर उघडा पडलो. सांगितले असते तर तेच औषध खासगीत मिळाले असते.

आमच्या उस्तादांना माझी एक विनंती आहे. रिकाम्या खोक्याची ती युक्ती प्रत्येक फायरिंगला प्रत्येकावर एकदा तरी करावी. कोणाला हसण्यासाठी नव्हे. नंतरचे तीन आठवडे त्यांनी माझ्या पाच गोळ्यांत एक-दोन रिकामे खोके मिसळले, कोणते ते मला न सांगता. तिसऱ्या आठवड्यात 'टक' झाले तेव्हा रायफलीचे तोंड जागचे हलले नाही.

आणि पालकांना. मुलाला वाढत्या अंगाचे बूट जरूर घ्या. पण ज्या गोष्टीच्या दुसऱ्या टोकाला कुणाचा तरी जीव आहे ती वाढत्या अंगाची घेऊ नका, मग ती परदेशातली रायफल असो की इथली मोटारसायकल. ती आजच्या मापाची हवी. मुलगा वाढला की बदलता येते. आणि मुलगा सरावाला जायचे टाळू लागला तर अभ्यासाचे कारण लगेच खरे मानू नका. खांदा बघा.

मामाने ती मॅग्नम विकून टाकली. आता भावाकडे .२४३ आहे आणि एक जुनी .२२. दर शनिवारी तो .२२ च्या पन्नास गोळ्या झाडतो, मग .२४३ च्या फक्त पाच. त्यात मामा मधूनच खोटे काडतूस भरतो. ही युक्ती मी कळवली आहे. कॅलिबरबद्दल या वेळी मामाने मला विचारले तेव्हा मी आधी सांगून टाकले की मी आजवर .२२ शिवाय काही चालवलेले नाही. मग बाकीचे बोललो. या ऑक्टोबरसाठी भावाने पुन्हा अर्ज भरला आहे. नाव लागले तरी सप्टेंबरअखेर शंभर यार्डांवर पाचही गोळ्या पोळीच्या आत आल्या नाहीत तर परवाना परत करायचा, असे त्याने स्वतःच ठरवले आहे.